डेड स्टॉक

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की
मला टेकडीवरच्या कोठीत पाठवतात,
काखेत लाल कापडी बांधणीचं रजिस्टर.
डिसेंबरात मोठे साहेब यायच्या आत
खुर्च्या मोजून ठेवायच्या.

फाटकापासून पोर्चपर्यंतचे कडुलिंब
वनखात्याकडे.
उतारावरची संत्र्याची कलमं उद्यान विभागाकडे.
मोर कुणाच्याच खात्यात नाहीत,
म्हणून ते कुठेही बसतात.

शालिक धुर्वे पुढे, हातात किल्ल्यांचा जुडगा.
वर्षाचे साडेअकरा महिने
ही दालनं पांढऱ्या चादरींखाली असतात.
तो चादर दोन टोकांनी धरतो, झटकत नाही,
घडी घालत घालत खुर्चीपर्यंत येतो,
आणि मग मी म्हणतो, एक.

जेवणाचं टेबल, सागवानी, छत्तीस माणसांचं.
भिंतींवर फिक्या चौकोनांच्या जागा :
तसबिरी उतरवल्या तेव्हा मी जन्मलोही नव्हतो,
तीनदा रंग दिला,
चौकोन वर येतातच.
नाचाच्या दालनात तक्तपोशी करकरते
पण शालिकच्या पायाखाली नाही.
कुठली फळी बोलते, कुठली गप्प बसते
हे त्याला घरातल्या माणसांसारखं ठाऊक.

आणि शेकोटी.
नागपुरात शेकोटी, संगमरवरी, दोन सिंहांची!
कुणीतरी थंड मुलखातून नकाशा आणला
आणि मे महिन्याला विचारलंच नाही.
‘लाकूड नाही जळलं याच्यात कधी, साहेब,’
शालिक म्हणतो,
‘एकडाव मांजर व्याली होती.’

अनुक्रमांक दोनशे चौदा.
पंख्याची दोरी, सुती. नग एक.

पंखा गेला, त्याची झालर गेली,
छतातल्या कड्या कापून वर विजेचे पंखे आले,
तेही बदलले.
भिंतीत उरलंय पितळी कडेचं एक भोक
आणि भिंतीपलीकडे, व्हरांड्याच्या फरशीत,
टाचेएवढा खळगा.
पाणी ओतलं तर वाटीभर मावेल.

माझ्या आधीच्या सगळ्या कारकुनांनी
दोनशे चौदासमोर लिहिलंय : आढळली.
मीही एकोणीस वर्षं लिहिलं.
नाही आढळली म्हटलं तर पंचनामा,
मग खुलासा, मग वसुली,
किंमत एक रुपया बारा आणे,
आणि ती कुणाच्या पगारातून?

यंदा रजिस्टर नाही, टॅब आहे.
प्रत्येक नगाचा फोटो, त्याशिवाय
पुढचं पान उघडत नाही.
मी भोकासमोर उभा. दोनशे चौदा तसाच लुकलुकतोय.
शालिकनं मान खाजवली. ‘थांबा,’ म्हणाला,
मुदपाकखान्यामागच्या क्वार्टरकडे गेला
आणि निळी नायलॉनची दोरी घेऊन आला,
सुनेनं कपडे वाळत घालायची, अजून ओलसर.
स्टुलावर चढून भोकातून सरकवली,
बाहेर जाऊन बसला.

मी आतून विचारलं, बसलात का?
भिंतीतून आवाज आला,
‘माहा आजा इथंच बसे.
डोया लागला का दोरी थांबे.
दोरी थांबली का आतून बूट ये.’

मी व्हरांड्यात आलो.
टाच खळग्यात ठेवून तो भिंतीला टेकला होता,
दोरी अंगठ्याला गुंडाळलेली.
टाच बसली होती. नीट बसली होती.
सवय असल्यासारखा त्यानं पाय एकदा ताणला,
आणि आत, छताखाली, ओढायला काहीच नसताना
मी मागे वळून वर बघितलं.

फोटो घेतला.
स्थिती : चांगली, दुरुस्तीयोग्य, निर्लेखित.
तिन्हींवर बोट फिरलं.
‘काय लिवता?’ त्यानं विचारलं. पाय तसाच.
मी ‘चांगली’ दाबलं. पान उलटलं.
दोनशे पंधरा, पिकदाणी.

संध्याकाळी कार्यालयात फोटो मोठा करून पाहिला.
दोरीवर दोन चिमटे आलेत, लाल.
ते मी नग म्हणून धरले नाहीत.